वॉर्डातला सगळा वरचा वर्ग

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सर्वेक्षणाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईला हा स्वभाव परवडत नाही. माझं काम पडताळणीचं. आमची माणसं घरोघरी जाऊन लोकांची मतं गोळा करून आणतात, आणि मी त्यातल्या काही घरांना फोन करून गोड आवाजात विचारते, की आमचा माणूस खरंच तुमच्याकडे आला होता, की कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून त्यानेच तुमच्या वतीने मत देऊन टाकलं. दिवसभर असं गोड बोलून मी संध्याकाळी इतकी कडू झालेली असते की मैत्रिणी मला ऑफिस सुटल्यावर फोन करत नाहीत.

माणसाचा सामाजिक वर्ग कसा ठरवतात, हे मला कंपनीत पहिल्या दिवशी शिकवलं आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. घरात सगळ्यात जास्त कमावतं कोण आणि ते माणूस शिकलंय किती, हा एक प्रश्न. यादीतल्या कोणकोणत्या वस्तू घरात आहेत आणि त्या चालू आहेत का, हा दुसरा. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, ओव्हन, डिशवॉशर, गाडी, अशी ती यादी. दोन्हीची सांगड घातली की कॉम्प्युटर अख्ख्या कुटुंबाला उचलून एका खणात ठेवतो. वरचा वर्ग, मधला वर्ग, खालचा वर्ग. झालं. मी मॅडमना विचारलं, की घरात डिशवॉशर आहे पण नवरा-बायको वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत, ते कुटुंब कुठल्या वर्गात? मॅडम म्हणाल्या, वरच्या. बोलणं यादीत नाही.

मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोकांना नुसतं विचारलं की तुमचा वर्ग कोणता, तर बंगल्यातला माणूस मधला म्हणतो आणि एका खोलीतला माणूसही मधलाच म्हणतो. एक संकोचाने खाली उतरतो, दुसरा अभिमानाने वर चढतो, आणि दोघं मधल्या जिन्यावर भेटतात. वस्तूंचं तसं नसतं. वस्तू असते किंवा नसते. हे पटण्यासारखं होतं, आणि दुसऱ्याचं पटलं की मला जास्तच राग येतो.

तर त्या वर्षी नगरपालिकेच्या मनात आलं, की आमच्या वॉर्डातला पोहण्याचा तलाव चालू ठेवायचा की बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायची, हे लोकांनाच विचारावं. आमचा वॉर्ड म्हणजे आई-बाबांचा. मी वर्षभरापूर्वी ऑफिसजवळ खोली घेऊन वेगळी राहायला लागले होते. वॉर्ड तसा गमतीचा आहे. खाली दाटीवाटीच्या गल्ल्या, वर टेकडीवर बंगले, आणि दोघांच्या मध्ये हा तलाव. सर्वेक्षणाचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि मला धास्ती बसली.

कारण आई. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. आई म्हणजे जन्मात बादलीभर पाण्यापलीकडे न गेलेली बाई. सुरुवातीला ती कठड्याला धरून, जगावर उपकार केल्यासारखी चालायची. तिथे तिला एक बसची ड्रायव्हर भेटली. आई तिला बसवाली म्हणते आणि ती आईला काकू. बसवालीने महिनाभरात आईला पोहायला शिकवलं, आणि त्यानंतर आईला पाण्याबाहेर काढायला शिट्टी वाजवावी लागायची. आता ती रोज सकाळी ओल्या केसांनी घरी येते आणि चहा ठेवता ठेवता गुणगुणते. माझ्या लहानपणी आई कधी गुणगुणल्याचं मला आठवत नाही. तलाव गेला की हे गुणगुणणं जाणार, एवढंच मला दिसत होतं.

निकालाचा पहिला कच्चा तक्ता आला तेव्हा मॅडम खुशीत होत्या. खालच्या वर्गातल्या बऱ्याच लोकांना तलाव हवा होता, मधल्या वर्गातल्या बऱ्याच लोकांना गाडी लावायला जागा हवी होती, आणि वरच्या वर्गातले शंभर टक्के लोक तलावाच्या बाजूने होते. त्या शंभर टक्क्यांनी एकूण पारडं असं झुकवलं होतं की तलाव वाचल्यातच जमा. मॅडम म्हणाल्या, बघ, बंगल्यातल्या लोकांनाही चार लोकांच्या सोयीची चाड असते. मला आनंद झाला. तो चांगला अर्धा तास टिकला. मग माझ्यातली पडताळणीवाली जागी झाली. शंभर टक्के? आमच्या घरात तिघांचं चहात साखर किती यावर कधी एकमत झालेलं नाही.

मी वरचा वर्ग निवडला आणि पडताळणीचं बटण दाबलं. आमच्याकडे फोन कॉम्प्युटरच लावतो. समोरच्याचं नाव, नंबर, पत्ता आम्हाला दिसत नाही, फक्त प्रश्न दिसतात. तिकडे फोन उचलला गेला आणि मी माझं पाठ केलेलं वाक्य सुरू केलं.

"नमस्कार. आपल्याकडे या आठवड्यात आमचे प्रतिनिधी येऊन गेले, त्यासंबंधी दोन मिनिटं..."

"अगं, सर्दी झालीय का तुला?" तिकडून आई म्हणाली. "आवाज असा काय येतोय?"

नियमाप्रमाणे मी तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण समोर पडद्यावर प्रश्न होता आणि माझी जीभ सवयीने पुढे गेली.

"आई, घरात डिशवॉशर आहे?"

"आहेत ना. दोन."

"एसी?"

"झोपायच्या खोलीत आहे. परवा दुसरा येतोय. तू रविवारी येणार आहेस ना जेवायला?"

मी कपाळावर हात मारला. आई एक अक्षर खोटं बोलत नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबा घरगुती यंत्रांची दुरुस्ती करतात आणि त्यांची एक पद्धत आहे, जी मी दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीवाल्याकडे पाहिली नाही. दुरुस्त केलेलं यंत्र ते लगेच परत देत नाहीत. ते आमच्या घरात आठवडाभर मुक्कामाला राहतं आणि रोज कामाला लागतं. बाबांचं म्हणणं, कामाच्या टेबलावर सगळीच यंत्रं शहाण्यासारखी वागतात, त्यांचे खरे गुण संसारात दिसतात. त्यामुळे आमच्या घरात चैनीची वस्तू नाही असा दिवस कधी उजाडला नाही, फक्त ती वस्तू आपली नसायची. मी महागातल्या महाग टीव्हीवर कार्टून पाहत मोठी झाले, पण रिमोट हाताला बसेपर्यंत टीव्ही मालकाकडे परत गेलेला असायचा.

अशा घराची घंटा आमच्या मास्तरांनी वाजवली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आमच्या कंपनीतले सगळ्यात प्रामाणिक गृहस्थ. सांगितलं तेवढं लिहितात, आपलं डोकं चालवत नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कोणी सर्वेक्षण कंपनीत नोकरीला आहे का. आई म्हणाली, घरात नाही. मी घरात राहत नव्हते, तेव्हा हेही खरंच. बाबांकडे तंत्रशाळेची पदविका आहे आणि धंदा स्वतःचा आहे. त्या आठवड्यात यादीतली एकूण एक वस्तू आमच्या घरात मुक्कामाला होती आणि एकूण एक चालू होती. दाराशी सामान पोचवायची व्हॅन उभी होती, ती गाडी या सदरात गेली. तलाव चालू ठेवावा का, या प्रश्नाला आईने काय उत्तर दिलं ते सांगायला नकोच.

मी आईचा फोन ठेवला आणि वरच्या वर्गातलं पुढचं घर मागण्यासाठी पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: या वर्गात आणखी घर नाही.

टेकडीवरच्या बंगल्यांची नावं आमच्या यादीत होती. मास्तर तिथे गेलेही होते, पण फाटकाबाहेरच्या यंत्रातून आवाज यायचा की साहेब बाहेर गेलेत, आणि फाटक काही उघडायचं नाही. आता हिशेबाची पद्धत अशी, की एखाद्या वर्गातली माणसं कमी मिळाली तर मिळाली त्यांच्या मताचं वजन वाढवायचं, आणि ज्या वर्गातली जास्त मिळाली त्यांचं कमी करायचं, म्हणजे गावातला समतोल कागदावर उतरतो. सगळ्या मतचाचण्या असंच करतात आणि युक्ती वाईट नाही. फक्त त्या खणात पुरेशी माणसं हवीत. आमच्या खणात माझी आई होती. वॉर्डातला सगळा वरचा वर्ग म्हणजे ती एकटी.

खरं सांगते, मला आधी हसू आलं आणि मग मोह झाला. ही मोजायची तऱ्हाच जर अशी वेडीवाकडी, तर ती एकदा आपल्या बाजूने वाकडी झाली तर कुणाचं काय बिघडलं? मास्तर खोटं बोलले नव्हते, आई बोलली नव्हती, कॉम्प्युटर तर बोलूच शकत नव्हता. अहवाल गुरुवारी नगरपालिकेत जाणार होता. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला कधी जमत नाही.

रविवारी जेवताना मी दोघांना सगळं सांगितलं. बाबांना आपण वरच्या वर्गात गेलो हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी हात पुसायला इस्त्रीचा रुमाल मागितला. आईने त्यांच्याकडे पोतेरं फेकलं. बाबा म्हणाले, वस्तूंवरून माणसाचा वर्ग ठरतो हे आपल्याला मान्य आहे, पण वस्तू असण्यावरून नाही. त्यांच्या मते जगात दोनच वर्ग. एक, कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासणाऱ्यांचा, आणि दुसरा, न तपासणाऱ्यांचा. टेकडीवर दुसरा वर्ग जास्त, गल्लीत पहिला. मॅडमनी त्यांच्याकडे यावं, सगळ्या वॉर्डाची वर्गवारी ते मशीनची गाळणी उघडून सांगतील.

आईने मात्र विचारलं, तिला काढून टाकलं तर काय होईल. मी म्हटलं, सांगता येत नाही, पण अटीतटीचं होईल, कदाचित तलाव जाईल.

"मग राहू दे ना," आई म्हणाली. "मी काय खोटं बोलले? आहे म्हणाले ते सगळं होतंच घरात."

मी तेच ऐकायला आले होते. माझा जीव भांड्यात पडला. मग माझ्या तोंडून, नेहमीप्रमाणे, एक वाक्य जास्त निघालं. मी कौतुकाने म्हटलं, की आई, तुझ्या एकटीच्या मताला वीस माणसांचं वजन आलंय, आणि तुझ्या त्या बसवालीच्या मताला जेमतेम अर्ध्या माणसाचं.

आईने ताट बाजूला सारलं.

"बसवालीला अर्धी धरली?"

मी समजावलं, की खालच्या वर्गातली माणसं जास्त मिळाली, म्हणून त्यांचं वजन कमी केलं, ती पद्धतच आहे, त्यात तिचा अपमान नाही. आई ऐकत नव्हती. बसवालीने उत्तर दिलं होतं हे तिला माहीत होतं. मास्तर तिच्याकडेही गेले होते, दोघींनी दुसऱ्या दिवशी पाण्यात त्यावर गप्पा मारल्या होत्या. तिने उठून भांडी विसळायला घेतली, दोन दोन डिशवॉशर शेजारी उभे असताना हाताने, आणि पाठमोरीच बोलली.

"तिने मला पोहायला शिकवलं. उद्या तिच्या शेजारी मी कुठल्या तोंडाने पाण्यात उतरू? म्हणे मी वीस आणि ती अर्धी. काढून टाक मला त्यातून. तलाव गेला तर जाऊ दे."

बाबांनी नळ बंद केला आणि तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. मला आईचा इतका अभिमान वाटला आणि इतका रागही आला, की मी नुसतं पाणी पीत बसले.

सोमवारी मी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या मास्तरांवर घसरतील, मग माझ्यावर, आणि मग तलाव गेला खड्ड्यात म्हणून आईचं घर तेवढं पुसून टाकतील. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि विचारलं की तो एसी खरंच चालू होता का. मी म्हटलं, दुसराही चालू आहे. मग त्या हसायला लागल्या. मॅडमना हसताना मी प्रथमच पाहत होते. हसून झाल्यावर म्हणाल्या, एका घरावर अख्खा वर्ग उभा केला ही चूक मास्तरांची नाही, आईची नाही, शंभर टक्के बघून खूश होणाऱ्या मालकिणीची आहे. गुरुवारपर्यंत टेकडीवरची खरी घरं मिळवायची, जी यादीत आहेत तीच. पण फाटकं उघडणार कशी?

मी यादी घेऊन बाबांना फोन लावला. बाबांना एकही आडनाव ओळखीचं नव्हतं, पत्ते सगळे होते. पहिलं घर, बेअरिंग गेलेलं वॉशिंग मशीन. दुसरं, ओव्हनचं दार. तिसरं, गळका डिशवॉशर, उद्याच परत द्यायचाय. गल्लीतल्या माणसाने घंटा वाजवली आणि टेकडीवरची फाटकं सताड उघडली, असा एकच माणूस आमच्या वॉर्डात होता आणि तो माझा बाप होता.

मंगळवारी सकाळी व्हॅन निघाली. पुढे बाबा आणि मास्तर. मागे यंत्रांच्या दाटीत आई, मी आणि मॅडम. मॅडमना मी नको म्हटलं होतं, पण त्यांना आता दुसऱ्याच्या शब्दावर काही लिहायचं नव्हतं. त्या वॉशिंग मशीनवर बसल्या आणि वळण आलं की आईला धरायच्या. आई का आली, तर यंत्र परत देताना ती नेहमी जाते. आठवडाभर तेच यंत्र वापरलेलं असतं, तेव्हा कुठलं बटण दाबून धरायचं आणि कुठल्याकडे बघायचंसुद्धा नाही, हे मालकिणीला तीच सांगते. वाटेत मॅडमनी तिला बजावलं, की यंत्राबद्दल हवं ते बोला, तलावाबद्दल चकार शब्द नाही. चेहऱ्यावरूनही काही कळता कामा नये. आईने मान हलवली. तोंडाला कुलूप लावून बसलेली आई मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ते फार विनोदी दिसतं.

गळक्या डिशवॉशरच्या बाई स्वतः दार उघडायला आल्या. उंच, शांत, आईच्याच वयाच्या. नवरा सर्जन, घर एवढं मोठं की आमचे आवाज घुमत होते. बाबांनी आणि मास्तरांनी डिशवॉशर ढकलत स्वयंपाकघरात नेला, आईने त्याची बटणं समजावली, आणि मास्तरांनी विचारलं की थोडा वेळ देता का. घाम पुसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. त्या खुर्चीत बसल्या. मास्तर यादी वाचू लागले.

"घरात डिशवॉशर आहे का, चालू?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. बाबा अजून त्याची नळी जोडत होते.

"हा काय, आत्ता आला," त्या म्हणाल्या. "तुम्ही काल आला असतात तर नाही म्हणाले असते."

मॅडमना ठसका लागला. ज्या डिशवॉशरने आईला वरच्या वर्गात बसवलं, तोच आता या बाईंना बसवत होता. वस्तू असते किंवा नसते, हे ठीक, पण ती व्हॅनमध्ये बसून टेकडी चढते, याचा विचार कुणी केला नव्हता. मी मॅडमकडे बघायचं टाळलं.

मग तो प्रश्न आला. वॉर्डातला पोहण्याचा तलाव चालू ठेवावा, बंद करावा, की सांगता येत नाही. बाईंनी विचारलं, आपल्या वॉर्डात तलाव आहे? मास्तर म्हणाले, मला फक्त प्रश्न वाचता येतो. बाई विचारात पडल्या. आई डिशवॉशरला पाठ टेकून उभी होती आणि दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून छताकडे बघत होती. तिच्या ओठांवर सगळं आलेलं मला दिसत होतं: पाणी, बसवाली, गुडघे, सकाळ. एक शब्द बोलली असती तर त्या बाई चालू ठेवा म्हणाल्या असत्या, अशी मला खात्री होती. मी मनात म्हणत होते, बोल, आई. आई बोलली नाही.

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "मी पाहिलेलाच नाही, तर काय सांगू?"

मास्तरांनी तसं लिहिलं.

त्या दोन दिवसांत आम्हाला टेकडीवरची बरीच घरं मिळाली. एका गृहस्थांनी बंद करा सांगितलं, आणि बाबांनी नंतर गाडीत हळूच सांगितलं की ते खिसे तपासत नाहीत. दोघा-तिघांनी चालू ठेवा सांगितलं. बाकी सगळ्यांचं एकच, सांगता येत नाही. आमच्या वॉर्डातल्या वरच्या वर्गाचं खरं मत हे होतं, की त्याला माहीत नव्हतं. आईला मॅडमनी स्वतः पुसून टाकलं. आई म्हणाली, बरं झालं, त्या खणात फार एकटं वाटत होतं.

गुरुवारी नगरपालिकेत मॅडमनी अहवाल वाचला. तलावाच्या बाजूने थोडी जास्त माणसं होती, पण इतकी थोडी की त्यावरून छातीठोक काही सांगता येऊ नये, आणि मॅडमनी नेमकं तेच सांगितलं. कुठल्या खणात किती घरं, वजन कसं लावलं, कुठला आकडा किती पक्का आहे, सगळं. एका सभासदाने कंटाळून विचारलं, म्हणजे या चाचणीवर विश्वास ठेवायचा की नाही? मॅडम म्हणाल्या, खणात किती माणसं होती ते आधी विचारा, मग ठेवा. मागे बसून मी टाळी वाजवली. एकटीनेच. सभेने बराच खल केला आणि ठरवलं की तलाव वर्षभर चालू राहील. लोक आले तर पुढेही राहील, नाही आले तर गाड्या. मी बाहेर पळत येऊन आईला फोन केला. ती नुसती हसत राहिली, आणि मागून बाबांचा आवाज येत होता की काय झालं, सांगशील का मला पण.

त्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदाच आईबरोबर तलावावर गेले. मला पोहता येत नाही, मी बाकावर बसले. तलाव भरलेला होता असं म्हणता येणार नाही. बसवाली होती, आई होती, काही शाळकरी मुली होत्या. मी सवयीने माणसं मोजायला लागले आणि माझा चेहरा पडला. एवढ्या माणसांवर वर्ष निघणार नाही.

तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीतून गळक्या डिशवॉशरच्या बाई बाहेर आल्या. नवीन पोहण्याचा पोशाख, टोपी वाकडी बसलेली, आणि चेहऱ्यावर अशी भीती की मला त्यांना ओळखायला वेळ लागला. त्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. आई पोहत पोहत त्यांच्या पायांपाशी आली.

"त्या दिवशी तुम्ही इथे येता हे मला सांगितलं नाहीत," बाई वरून म्हणाल्या. "मी नंतर तुमच्या यजमानांना फोन केला, तेव्हा कळलं."

"बोलायची बंदी होती."

"मला वाटलं, मशीनबद्दल एवढं बोलणारी बाई एका प्रश्नाला छताकडे का बघते? म्हटलं, त्या तलावात काहीतरी असणार. म्हणून बघायला आले."

आई मोठ्याने हसली. मग म्हणाली, नुसतं बघून कळत नाही, उतरा. बाई शिडी धरून एकेक पायरी उतरल्या. पाणी छातीशी आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि शिडीचा दांडा दोन्ही हातांनी असा पकडला की बोटं पांढरी पडली. बसवाली पलीकडून पोहत आली आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. दोघी तिथेच थांबल्या. खूप वेळ गेला. मग बाईंनी एक हात सोडला, आणि थोड्या वेळाने दुसरा.

"रोज कितीला येता तुम्ही?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

आईने वेळ सांगितली. मी बाकावरून उठले आणि तिकिटाच्या खिडकीशी जाऊन माझंही एक तिकीट मागितलं.